मंत्रीसाहेब, त्या गाडीला आमची बैलबंडी ओळखताच आली नाही

मा. मंत्रीमहोदय,
सप्रेम नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यातला कोरडवाहू शेतकरी, सात एकर, कापूस अन् तूर. खाटेवर पडल्या पडल्या मोबाईलवर हे लिहून राहिलो, उजवा हात प्लास्टरमध्ये आहे म्हणून डाव्या अंगठ्याने, चुकलंमाकलं सांभाळून घ्याल. आपला वेळ घ्यायचा नव्हता, पण माझा बैल मेला, बाबांचा खुबा मोडला, आणि ज्या फाट्यावर हे झालं त्या फाट्याबद्दल मागच्या वर्षी आपल्या खात्याच्या साहेबांनी आम्हाला लिहून दिलं होतं.

याच फाट्यावर गावातलं एक पोरगं गेलं तेव्हा आम्ही रास्ता रोको केला होता. साहेब आले, म्हणाले तीन महिन्यात हायमास्ट लावतो, वरून सेन्सरवाला कॅमेरा बसवतो, गुरंढोरं, बंडी, पायी माणूस रस्त्यावर आला की दोन्हीकडून पिवळा दिवा लुकलुकेल अन् गाडीवाला आपोआप हळू होईल. आम्ही विश्वास ठेवला अन् उठलो. चौदा महिने झाले. पोल उभा आहे. पोलवर ना लाईट ना कॅमेरा, खाली मीटरची पेटी आहे तिच्यात गांधीलमाशांनी घर केलं.

जानेवारीत संध्याकाळी साडेसातला आम्ही शेतातून पऱ्हाट्या (कापसाची वाळलेली झाडं) भरून येत होतो. बाबा बंडी हाकत होते, मी बाजूने पायी. मागून गाडी आली. मला फक्त उजेड आठवतो, मग मी नालीत होतो, बंडी आडवी, बाबा तिच्याखाली, आणि मोऱ्या बैलाची मान जुवात पिळली होती. तो रात्रभर कण्हत होता, पहाटे गेला. बाबांना तालुक्यावरून जिल्ह्याला अन् जिल्ह्यावरून नागपूरला नेलं, घरातले कापसाचे पैसे चार दिवसांत संपले, बायकोची पोत गहाण पडली. मोऱ्याचा इन्शुरन्स नव्हता. सात वर्षं त्याने माझ्याआधी उठून माझं घर ओढलं साहेब.

गाडीवाला पळाला नाही, हे सांगितलं पाहिजे, त्यानेच ॲम्ब्युलन्स बोलावली. पण तो थरथरत एकच गोष्ट बोलत होता, गाडीत ॲडास आहे (समोरचा धोका ओळखून स्वतः ब्रेक मारणारी सिस्टीम), तिनं ब्रेक मारायला पाहिजे होता, तिनं मारलाच नाही. ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. मी डिप्लोमा इलेक्ट्रॉनिक्सचा केला आहे, नोकरी मिळाली नाही तो भाग वेगळा, पण सेन्सर म्हणजे काय एवढं कळते. दोन महिने पडून होतो, हेच वाचलं.

तर ऐका. अशा बहुतेक गाड्यांमध्ये समोर एक कॅमेरा असतो अन् एक रडार, 77 गिगाहर्ट्झचं. रडारला समोरच्या वस्तूचा वेग चांगला कळते, पण रस्त्यावरचे बोर्ड, पूल, कठडे हे सगळं उभं असते, त्या सगळ्यावर ब्रेक लागला तर गाडी चालणारच नाही, म्हणून बऱ्याच सिस्टीम जोरात चालताना उभ्या वस्तूकडं दुर्लक्ष करतात. बैलबंडी ताशी तीन-चार किलोमीटर चालते, नव्वदने येणाऱ्या गाडीला ती उभीच. त्यात बंडी लाकडाची, लोखंड म्हणजे चाकाची धाव अन् आस, अन् मागून पऱ्हाट्यांचा भारा. राहिला कॅमेरा. कॅमेऱ्याला ज्याचे फोटो शिकवले तेच तो ओळखते. अंधारात पऱ्हाट्या भरलेली बंडी मागून कशी दिसते हे त्याला कोणी शिकवलं? जगभर वापरला जाणारा सिटीस्केप्स नावाचा फोटोंचा साठा आहे, 50 शहरांचा, जवळपास सगळी जर्मनीतली. आपल्या देशाचा साठा हैदराबादच्या ट्रिपल आयटीने 2018 मध्ये काढला, 10,000 फोटो, त्यात रिक्षा आहे, जनावरं आहेत, फार चांगलं काम केलं त्यांनी, पण तेही हैदराबाद-बंगळूरच्या रस्त्यांचं. आमचा फाटा कुठं आहे त्यात?

ऑस्ट्रेलियात 2017 मध्ये व्होल्वोने स्वतः मान्य केलं की स्वीडनच्या मूस हरणांवर तयार केलेली त्यांची सिस्टीम कांगारूपुढं गोंधळते, कारण कांगारू उडीत असला की लांब वाटतो अन् जमिनीवर आला की जवळ. निदान त्यांनी तिथं जाऊन तपासलं तरी. इथं रोह्यांचे (नीलगायींचे) कळप रोज रस्ता ओलांडतात, कोणी येऊन तपासलं?

आणि अमेरिकेत टेम्पी शहरात 18 मार्च 2018 च्या रात्री एक बाई सायकल हातात धरून रस्ता ओलांडत होती, उबरच्या टेस्टिंगच्या स्वयंचलित गाडीने तिला उडवलं. चौकशीत निघालं की गाडीला ती 5.6 सेकंद आधी दिसली होती. दिसली होती साहेब! पण गाडी कधी म्हणे अनोळखी वस्तू, कधी वाहन, कधी सायकल, अन् ठरेपर्यंत बाई मेली. हे सगळं तिथल्या सरकारने जाहीर केलं, सेकंदा-सेकंदाचा हिशोब. माझ्या बाबतीत मी ठाण्यात विचारलं की गाडीतला डेटा काढला का, तर मला विचारलं, डेटा म्हणजे काय.

तुमचे साहेब काय म्हणाले ते सांगतो. दवाखान्यात आले नाहीत, फोनवर म्हणाले, बंडीला रेडियम लावायला पाहिजे होतं. होतं ना रेडियम! भाऱ्याखाली झाकलं गेलं. पण झाकलं नसतं तरी काय भरोसा, अमेरिकेतल्या आयआयएचएस या गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेने 2025 मध्ये चाचणी छापली, चमकणाऱ्या पट्ट्यांचे कपडे घातलेला पुतळा रात्री रस्ता ओलांडत नेला तर आपोआप ब्रेकवाल्या तीनपैकी दोन गाड्यांनी त्याला जवळपास दरवेळी ठोकलं. त्यांनीच 2022 मध्ये सांगितलं होतं की अशा ब्रेकमुळे पायी माणसांचे अपघात 27 टक्के कमी होतात, पण जिथं रस्त्यावर दिवे नाहीत तिथं रात्री काहीच फरक पडत नाही. काहीच नाही. म्हणजे ही सोय ज्याच्या गावात लाईट आहे त्याच्यासाठी.

अन् आम्ही अंधारात रस्त्यावर काऊन असतो हे पण विचारा. लाईन रात्रीची देता तुम्ही, ज्याच्याकडं पाणी आहे त्याला हरभरा रात्री बारा वाजता ओलावा लागते. रानडुकरं अन् रोही पीक खातात म्हणून जागलीला जावं लागते. रस्ता मोठा केला, गाड्या शंभरने जातात, पण बंडीसाठी बाजूला चार फूट मुरूम टाकला नाही. 2022 मध्ये देशात रस्त्यावर 1,68,491 माणसं मेली, हा सरकारचाच आकडा, बैलांचा तर आकडाच नाही. गडकरीसाहेबांनी 2023 मध्ये नागपुरात सांगितलं की विनाचालक गाडी येऊ देणार नाही, ड्रायव्हर लोकांचा रोजगार जाईल, बरोबर बोलले. पण अर्धी विनाचालक गाडी तर आलीच ना, जिच्या भरवशावर माणूस पाय ढिला सोडतो. नागपुरात 2021 मध्ये आयरास्ते प्रकल्प सुरू झाला, सिटी बसमध्ये धोका ओळखणारे कॅमेरे लावले, धोक्याच्या जागांचे नकाशे केले. शंभर-दीडशे किलोमीटर पुढं आमच्या जिल्ह्यात यायला त्याला काय अडचण आहे, का एसटीत बसणारा माणूस कमी दर्जाचा आहे?

2025 मध्ये केंद्राने मोठ्या बस-ट्रकला आपोआप लागणारा इमर्जन्सी ब्रेक सक्तीचा करायचा मसुदा काढला. करा, लवकर करा, पण तपासणीत भरलेली बैलबंडी ठेवा, रात्रीची, बिनदिव्याच्या रस्त्यावर, आणि जी गाडी थांबत नाही तिच्या जाहिरातीत हे छापायला लावा. अपघात झाला की गाडीतला डेटा चोवीस तासात सील करा अन् जखमीच्या घरच्यांना त्याची प्रत द्या. आणि त्या पोलवर लाईट लावा, कॅमेरा नंतर आला तरी चालेल, आधी लाईट.

जोडीचा दुसरा बैल चांद्या एकटा आहे, दावणीला मोऱ्याच्या जागेकडं तोंड करून उभा राहतो. जोड आता लाखाच्या खाली येत नाही अन् जूनमध्ये पेरणी आहे. उत्तर त्याच्या आधी द्या.

आपला,
फाट्यावरचा एक शेतकरी, जि. यवतमाळ