‘पोर्ट’चे खरे गाव पाहायला जाताना

महोदय,

गोव्यात पोर्ट वाईन म्हणून जी गोड बाटली मिळते, तिचा खऱ्या पोर्टशी संबंध नावापुरताच. खरी पोर्ट पोर्तुगालच्या दोरु खोऱ्यातली. या प्रदेशाची हद्द १७५६ मध्येच आखली गेली. सुट्टीत तिकडे जाणाऱ्यांसाठी थोडे.

पोर्तोहून पिन्यांवला, म्हणजे या खोऱ्यातल्या द्राक्षमळ्यांमधल्या गावाला, रेल्वेनेच जावे, साधारण अडीच तास लागतात. जाताना उजवीकडची खिडकी धरा. पहिला तासभर काहीच दिसत नाही, मग नदी अगदी रुळांलगत येते. पिन्यांव स्थानकाच्या भिंतींवर निळ्या फरशांत द्राक्षतोडणीची चित्रे आहेत. उतरल्या उतरल्या बाहेर धावू नका. भाड्याची गाडी घेतलीच, तर चालवणाऱ्याने चव घेऊ नये. पोर्ट १९ ते २२ टक्क्यांची असते आणि रस्ता वळणावळणाचा. तोडणी सप्टेंबरात, तेव्हा मळ्यांतल्या भेटी आधीच ठरवाव्या लागतात. जुलै-ऑगस्टचे ऊन मात्र टाळा.

खरेदीत बहुतेकांची फसगत होते ती बुचापाशी. टॉनी पोर्टला (लाकडी पिंपात मुरवलेली) सहसा प्लास्टिकच्या टोपीचे, हाताने निघणारे बूच असते. उघडल्यावरही ती काही आठवडे टिकते. व्हिंटेजला (एकाच चांगल्या वर्षाच्या द्राक्षांची, बाटलीत मुरणारी) लांब बूच, तळाशी गाळ. ती आदल्या दिवशी उभी ठेवावी, हळूच गाळावी आणि एक-दोन दिवसांत संपवावी. घरी रोज घोटभर घेणाऱ्याने महागडी व्हिंटेज आणणे म्हणजे पैसे पाण्यात. बाटल्या कपड्यांत गुंडाळून चेक-इन बॅगेतच घाला. भारतात माणशी २ लिटरच करमुक्त आहे.

— एक वाचक, मडगाव