जोती वाचायची कशी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुलांकडे इंग्लंडला गेलेले पुणेकर आता हेड्रियनची भिंतही (रोमन साम्राज्याची उत्तर इंग्लंडमधली सरहद्दीची भिंत) पाहून येतात. मात्र तिथल्या हाउसस्टेड्स या रोमन किल्ल्यावरून 'नुसती जोतीच (इमारतींचे दगडी चौथरे) उरलीत' म्हणत बरेच जण अर्ध्या तासात उतरतात. हा किल्ला जोत्यांवरूनच वाचायचा असतो. त्याला दोन-अडीच तास तरी द्यावेत.

इ. स. १२२ मध्ये सुरू झालेली ही भिंत सुमारे ११७ किलोमीटर लांब आहे. न्यूकॅसल-कार्लाइल रेल्वेने हेक्सहॅम किंवा हॉल्टव्हिसलला उतरून 'एडी १२२' क्रमांकाची बस घ्यावी. ती मुख्यतः उन्हाळी हंगामात धावते, म्हणून वेळापत्रक आधी पाहावे. वाहनतळापासून पाऊण-एक किलोमीटर चढ आहे. वारा बोचरा आणि दगड ओले असतात, तेव्हा बूटच हवेत.

आधी किल्ल्याजवळचे छोटे संग्रहालय पाहून आराखडा डोक्यात घ्यावा: गोलसर कोपऱ्यांचा आयत, चार दरवाजे, मधोमध मुख्यालय, लगत सेनाधिकाऱ्याचा वाडा व धान्यकोठारे, पुढे-मागे बराकी. बहुतेक रोमन किल्ले याच साच्याचे.

कोठारात ओळीने उभे बुटके दगडी खांब दिसतात. त्यांवर जमीन उचलून घेतलेली असे. भिंतीतल्या झरोक्यांतून खालून हवा खेळायची आणि धान्याला ओल लागत नसे. आग्नेय कोपऱ्यातले सार्वजनिक शौचालय तर आवर्जून पाहावे. किल्ल्याचा हाच सर्वांत सखल भाग, त्यामुळे उतारावरून येणारे पावसाचे पाणी दगडी टाक्यात साठवून गटार धुता येई. लाकडी बैठका कुजून गेल्या, खोल गटार शाबूत आहे. आठशेच्या आसपास शिबंदी असलेल्या किल्ल्यात पाण्याचा असा विचार पाहून आपल्या गडांवरची टाकी आठवतातच.

जोत्यांवर चढू नये. दर्शनी घडीव दगडांच्या आत भराव असतो. पायांनी सांधे सैल झाले की पाणी मुरते, थंडीत गोठून फुगते आणि दगड निखळतात. सह्याद्रीत हेच काम चार महिन्यांचा पाऊस करतो.

२०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत आलेल्या आपल्या १२ किल्ल्यांपैकी शिवनेरी, लोहगड आणि राजगड पुणे जिल्ह्यात आहेत. राजगडाच्या पद्मावती माचीवर वाड्यांची जोती आहेत, पण नुसत्या नावाच्या पाटीने ती कळत नाहीत. प्रत्येक महत्त्वाच्या जोत्यापाशी आराखडा, 'आपण येथे आहात' ही खूण आणि पुरावा असेल तिथे वास्तूचे कल्पनाचित्र असावे. फलक कमरेइतक्या उंचीचा, तिरका आणि जोत्यापासून हातभर दूर स्वतंत्र पायावर असावा. जोत्यात खिळा किंवा सिमेंट नको. जिल्ह्यातील संबंधित यंत्रणांनी निदान पद्मावती माचीपासून हे काम सुरू करावे, ही विनंती.

आपला,
एक दुर्गअभ्यासक वाचक, पुणे