वॉरंटीतील क्लचच्या कामानंतर वाढलेल्या इंजिनकंपनाबाबत तक्रार

प्रति,
मा. प्रमुख,
ग्राहक सेवा विभाग, मुख्य कार्यालय.

विषय : ट्विन सिलिंडर मोटारसायकलीच्या इंजिनाचे कंपन वॉरंटीतील दुरुस्तीनंतर वाढल्याबाबत आणि ते कंपन आवरणाऱ्या बॅलन्सर शाफ्टची माझ्यासमोर तपासणी होण्याबाबत.

महोदय,

गेल्या गुढीपाडव्याला ठाण्यातील आपल्या अधिकृत विक्रेत्याकडून मी आपली ट्विन सिलिंडर मोटारसायकल घेतली. मी घोडबंदर रस्त्यावर कासारवडवलीला राहते आणि महापे एमआयडीसीतील एका कारखान्याच्या देखभाल विभागात काम करते. त्यामुळे ही गाडी रोज कापूरबावडी, माजिवडा, कळवा, विटावा या मार्गाने ठाणे-बेलापूर रस्त्याला लागते आणि रबाळे-घणसोलीवरून महाप्याला पोहोचते. पहिले काही महिने गाडीबद्दल माझी काहीही तक्रार नव्हती. ४,५०० ते ५,००० आरपीएमच्या (इंजिनाच्या दर मिनिटाच्या फेऱ्यांच्या) दरम्यान हँडलला किंचित झिणझिणी जाणवायची आणि फेरे वाढवले की ती निघून जायची. दोन सिलिंडरांच्या इंजिनात एवढे अपेक्षितच असते, हे जाणूनच मी ही गाडी निवडली होती.

पावसाळ्यानंतर क्लच धरताना गाडी थरथरू लागली आणि उजव्या बाजूच्या कव्हरमधून तेल पाझरू लागले, म्हणून मी ती आपल्या अधिकृत सेवा केंद्रात दिली. तेथे वॉरंटीत क्लच असेंब्ली आणि कव्हरचे गास्केट बदलण्यात आले. तेलाची गळती थांबली आणि क्लचही सुधारला, हे मी मोकळेपणाने नोंदवते. मात्र गाडी ताब्यात घेऊन विटाव्याच्या पुढे मोकळ्या रस्त्यावर आल्याबरोबर इंजिनाचे कंपन पूर्वीसारखे राहिलेले नाही, हे माझ्या लक्षात आले. आता ते ४,००० आरपीएमलाच सुरू होते, फेरे वाढतील तसे वाढत जाते आणि पूर्वीप्रमाणे पुढे जाऊन विरत नाही. हँडलइतकेच ते फुटरेस्टला आणि टाकीला लावलेल्या गुडघ्यांनाही जाणवते. चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये साठ-सत्तरच्या वेगाने जाताना दोन्ही आरशांतील चित्र इतके फिसकटते की मागून येणारा कंटेनर किती अंतरावर आहे, याचा अंदाज येत नाही. ठाणे-बेलापूर रस्त्यावर अवजड वाहने दिवसरात्र धावतात, त्यामुळे ही माझ्यासाठी थेट सुरक्षेची बाब आहे. महाप्याला पोहोचल्यावर करंगळी आणि अनामिका बधिर झालेल्या असतात. नोंदवहीत पहिल्या काही ओळी लिहिताना पेन बोटांत नीट धरवत नाही. दरम्यान मागच्या नंबरप्लेटचा एक बोल्ट गळून पडला आणि सायलेन्सरवरील उष्णतारोधक पत्र्याचा स्क्रू ढिला झाला.

मी गाडी पुन्हा सेवा केंद्रात नेली, तेव्हा सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरांनी ती आवारातच एक फेरी मारून पाहिली आणि मला सांगितले, "मॅडम, ट्विन आहे, एवढं व्हायब्रेशन असतंच. सवय होईल." पुढच्या भेटीत त्यांनी दोष घोडबंदर रस्त्यावरील खड्ड्यांवर ढकलला, आणि त्यानंतर जाड हातमोजे, जेलच्या ग्रिप आणि हँडलच्या टोकांना बसवायची जड वजने घेण्याचा सल्ला दिला. ती वजने मी स्वखर्चाने बसवली. त्यांनी हँडलची झिणझिणी थोडी बोथट झाली, कारण टोकाला वजन वाढले की हँडलची नैसर्गिक कंप्रता खाली सरकते. पण फुटरेस्ट आणि आरसे जसे होते तसेच आहेत. कंपन जिथे निर्माण होते तिथे काहीही न करता ते ग्राहकाच्या हातापर्यंत पोहोचू नये एवढीच व्यवस्था करणे, हे दुरुस्तीच्या व्याख्येत बसत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

रस्ता, टायर किंवा चेन यांमुळे हे होत नाही, याची खात्री मी स्वतः करून घेतली आहे. गाडी उभी करून, न्यूट्रलमध्ये ठेवून फेरे ५,००० आरपीएमपर्यंत नेले की हेच कंपन तितक्याच जोराने येते. चालत्या गाडीत गिअर बदलून तेच आरपीएम वेगवेगळ्या वेगांना आणले, तरी कंपन तसेच राहते. उलट, वेग तोच ठेवून वरचा गिअर टाकला की आरपीएम उतरते आणि कंपनही उतरते. चाकाशी किंवा चेनशी संबंधित दोष असता तर तो गाडीच्या वेगाबरोबर बदलला असता. हा दोष इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर बदलतो.

इथे थोडे तांत्रिक लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण सेवा केंद्रात ते कोणी ऐकून घेतले नाही. आपल्या माहितीपत्रकानुसार या इंजिनाचा क्रँक, म्हणजे पिस्टनच्या वर-खाली गतीने फिरणारा मुख्य दांडा, २७० अंशांचा आहे. या रचनेत दोन्ही पिस्टन कधीही एकाच क्षणी थांबत नाहीत आणि त्यांची दुय्यम बले, म्हणजे क्रँकच्या दुप्पट कंप्रतेची बले, परस्परांना नाहीशी करतात. जी प्राथमिक बले, म्हणजे क्रँकच्याच कंप्रतेची बले, आणि त्यांच्यामुळे होणारी डोलती गती शिल्लक राहते, ती आवरण्यासाठी क्रँकच्याच गतीने पण उलट दिशेने फिरणारा बॅलन्सर शाफ्ट दिलेला असतो. या शाफ्टवरचे वजन क्रँकशी ठरावीक कोनातच असावे लागते, म्हणून त्याच्या आणि क्रँकच्या गिअरवर जुळणीच्या खुणा असतात. जोडणी करताना त्या खुणा एका दाताने जरी हुकल्या, तरी शाफ्टचे बल चुकीच्या क्षणी लागू होते आणि कंपन पूर्णपणे आवरले जात नाही. अशी बले फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतात, म्हणजे आरपीएम दुप्पट झाले की बल चौपट होते. माझ्या गाडीत ४,००० च्या पुढे जे घडते आहे, त्याचे स्वरूप नेमके असेच आहे.

माझे रोजचे काम पंपांच्या आणि मोटारींच्या बेअरिंगवरील कंपन मोजण्याचे आहे. माझ्या एका सहकाऱ्यांकडे याच मॉडेलची, त्याच वर्षीची गाडी आहे. त्यांच्या संमतीने आम्ही दोन्ही गाड्या शेजारी उभ्या केल्या, हँडलच्या क्लॅम्पवर सेन्सर एकाच जागी लावला आणि इंजिन ५,००० आरपीएमवर स्थिर ठेवून वाचन घेतले. माझ्या गाडीवर बसवलेली टोकांची वजने त्यापूर्वी काढून ठेवली होती. माझ्या गाडीचे वाचन त्यांच्या गाडीच्या दुपटीहून अधिक आले. शिवाय ५,००० आरपीएम म्हणजे सेकंदाला सुमारे ८३ फेरे होतात, आणि माझ्या गाडीच्या कंपनाचा सर्वांत मोठा भाग ८३ हर्ट्झलाच दिसला. म्हणजे हे कंपन प्राथमिक आहे आणि ते आवरण्याचे काम बॅलन्सर शाफ्टचे आहे. कारखान्यातील यंत्रांचे मापदंड मोटारसायकलीला लावता येत नाहीत, हे मी जाणते आणि तसे मी करतही नाही. एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांतील फरक मात्र कोणत्याही मापदंडाशिवाय दिसतो, आणि "ट्विनला एवढं असतंच" या उत्तराने त्याचा खुलासा होत नाही.

क्लच बदलताना क्रँकची गती क्लचला देणाऱ्या प्रायमरी गिअरची बाजूही मोकळी केली होती, असे गाडी परत घेताना एका मेकॅनिकने मला सांगितले होते. जॉबकार्डावर मात्र "क्लच असेंब्ली व गास्केट बदलले" एवढीच नोंद आहे. कोणते भाग उघडले, ते कोणत्या टॉर्कने (पिळाच्या जोराने) घट्ट केले आणि खुणा जुळवल्या का, याची माहिती मी मागितली असता ती अंतर्गत नोंद असल्याचे सांगून नाकारण्यात आली. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये सेवेतील त्रुटीची जी व्याख्या आहे, तीत ग्राहकापासून संबंधित माहिती हेतुपुरस्सर दडवणे याचाही समावेश आहे. खुणा हुकल्याच आहेत, असा आरोप मी करत नाही. बाजू उघडल्याशिवाय ते ना मला सांगता येईल, ना आपल्या सेवा केंद्राला. ती उघडून पाहावी, एवढेच मी आजवर मागत आले आहे. इंजिनाचे माउंटिंग बोल्ट ढिले असतील किंवा दोन सिलिंडरांचे थ्रॉटल, म्हणजे त्यांत जाणारी हवा नियंत्रित करणाऱ्या झडपा, एकमेकांशी जुळलेले नसतील, अशीही शक्यता आहे. पण त्यांपैकी काहीही तपासल्याची नोंद माझ्याकडे असलेल्या एकाही जॉबकार्डावर नाही.

बोटांच्या बधिरपणाकडे सेवा केंद्राने ज्या सहजतेने पाहिले, त्याचे मला विशेष वाईट वाटले. कंप पावणारी अवजारे दीर्घकाळ हातात धरून काम करणाऱ्यांच्या बोटांतील रक्तवाहिन्यांना आणि मज्जातंतूंना इजा होते, हे औद्योगिक आरोग्यशास्त्रात मान्य आहे, आणि हाताला पोहोचणारे कंपन कसे मोजावे यासाठी आयएसओ ५३४९ हे आंतरराष्ट्रीय मानकही आहे. ज्या त्रासापासून आम्ही कारखान्यात कामगारांना जपतो, त्याची "सवय" करून घ्या असे एखाद्या उत्पादकाच्या अधिकृत प्रतिनिधीने ग्राहकाला सांगणे मला मान्य नाही.

म्हणून माझी मागणी अशी की, आपल्या कंपनीच्या तांत्रिक विभागातील जबाबदार अभियंत्यांनी, शक्यतो दुसऱ्या सेवा केंद्रात, माझ्या उपस्थितीत उजव्या बाजूचे कव्हर उघडून बॅलन्सरच्या खुणा पाहाव्यात, माउंटिंग बोल्टांचा टॉर्क आणि थ्रॉटलची जुळणी तपासावी आणि कामाच्या आधी व नंतर कंपनाचे मोजमाप करून त्याचा लेखी अहवाल मला द्यावा. दोष आढळल्यास त्याची दुरुस्ती वॉरंटीत व्हावी, टोकांच्या वजनांवर मला करावा लागलेला खर्च परत मिळावा आणि क्लचच्या कामापासून दोष दूर होईपर्यंतचा काळ वॉरंटीत वाढवून मिळावा. तपासणीत सर्व काही निर्दोष निघाले, तर आकड्यांसह तसे लेखी कळवावे. तो अहवाल मी प्रामाणिकपणे वाचेन.

सर्व जॉबकार्डांच्या, वजनांच्या पावतीच्या आणि दोन्ही गाड्यांच्या कंपनवाचनाच्या प्रती या पत्रासोबत जोडल्या आहेत. हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत तपासणीची तारीख कळवावी. तसे न झाल्यास मी ठाणे येथील जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे तक्रार दाखल करेन. तक्रारदार जिथे राहतो तेथील आयोगाकडे दाद मागण्याची तरतूद याच अधिनियमाच्या कलम ३४ मध्ये आहे. तोपर्यंत आपल्या सेवा केंद्राने ही गाडी माझ्या लेखी संमतीशिवाय उघडू नये.

आपली विश्वासू,
(ग्राहकाची सही)
कासारवडवली, ठाणे (पश्चिम)