अजून चर्चला का जाते, असं विचारलंस म्हणून

प्रिय सई,

पानांचे फोटो मिळाले. ग्रँडमाचं लोगनमधलं घर आवरताना ते पुस्तक तुझ्या हाती लागणार, हे मला माहीतच होतं. तिच्या पिढीच्या मॉर्मन घरात ते नसेल तरच नवल. फोटोंखाली तू एकच ओळ लिहिलीस: "हे माहीत असून तू अजून चर्चला का जातेस?" फोनवर बोललो असतो तर दोन मिनिटांत आवाज चढले असते, म्हणून लिहिते. आणि मराठीत लिहिते, कारण इंग्रजीत हा विषय निघाला की आपण दोघी माइकसमोर उभ्या असल्यासारख्या बोलायला लागतो.

माझ्याकडेही त्याची प्रत आहे. लग्न ठरल्यावर ग्रँडमानंच दिली होती, रिबीन बांधून. स्पेन्सर किंबॉल यांचं 'द मिरॅकल ऑफ फर्गिव्हनेस', १९६९ सालचं. तेव्हा ते प्रेषित होते, म्हणजे आपल्या चर्चच्या वरिष्ठ नेत्यांपैकी एक. १९७३च्या अखेरीस अध्यक्ष झाले, म्हणजे आपल्या लोकांच्या लेखी संदेष्टेच. मग काय, धर्मप्रसाराच्या मिशनला निघालेली मुलं, लग्न ठरलेल्या मुली, बिशपपुढे, म्हणजे स्थानिक मंडळीच्या प्रमुखापुढे, रडत बसलेली माणसं, सगळ्यांच्या हातात हेच पुस्तक. नावात क्षमा आहे, पण वाचून मिटलं की आपल्याला काही क्षमा मिळायची नाही असंच वाटतं. हस्तमैथुनातून माणूस समलैंगिकतेकडे जातो, असं त्यात आहे. समलैंगिकतेवरच्या प्रकरणाचं नावच 'निसर्गाविरुद्धचा गुन्हा'. आणि तू लाल गोल केलेलं ते वाक्य: प्रतिकार न करता शील गमावून जगण्यापेक्षा ते राखताना मरण आलेलं बरं.

त्या वाक्यानं तुला धक्का बसला. मला नव्हता बसला. नाशिकमध्ये वाढलेल्या मुलीला त्यात नवीन काय? आमच्याकडे तिला अब्रू म्हणत, आणि ती नेहमी बाईचीच जायची. ज्यानं घालवली त्याची शाबूत. मी देश सोडला, धर्म बदलला, चहा सोडला (तुझी आजी धर्माचं एक वेळ विसरली, चहाचं अजून विसरलेली नाही), आणि इथे यूटात येऊन बघते तर अब्रू माझ्याआधीच येऊन बसलेली! एलिझाबेथ स्मार्ट या मॉर्मन मुलीला २००२ मध्ये सॉल्ट लेक सिटीतल्या तिच्या घरातून पळवून नेलं. तेव्हा ती १४ वर्षांची होती, नऊ महिन्यांनी सापडली. पुढे तिनंच जाहीरपणे सांगितलं, की लग्नाआधीचे संबंध म्हणजे चघळलेलं च्युइंगम, असं तिला कुणी शिकवलं होतं, आणि अत्याचार झाल्यावर तिच्या मनात तेच आलं: आता मला कोण घेणार? मुलींच्या 'पर्सनल प्रोग्रेस' पुस्तिकेत मॉर्मनच्या पुस्तकातलं एक वचन दिलेलं असायचं. बलात्कार झालेल्या स्त्रियांचं शील हिरावलं गेलं, असं ते वचन. २०१६ मध्ये ते पुस्तिकेतून काढलं. तू त्याच वर्षी बारा पूर्ण करून यंग विमेनमध्ये, म्हणजे मोठ्या मुलींच्या वर्गात, गेलीस. थोडक्यात वाचलीस.

बाकीचं तू शोधशीलच, म्हणून भरभर सांगते. १९६९मध्येच संततिनियमनाविरुद्ध चर्चच्या अध्यक्षमंडळाचं पत्र निघालं. (ग्रँडमाला सहा मुलं. शेवटची दोन त्या पत्राची, असं ती स्वतःच हसून सांगायची. तुझे बाबा त्यातले एक, त्यामुळे त्या पत्रावर मला धड रागावताही येत नाही.) १९७६मध्ये प्रेषित बॉइड पॅकर मुलग्यांसमोर त्यांच्या शरीरातल्या वीर्याच्या 'छोट्या कारखान्या'वर बोलले, आणि त्या भाषणाचं पत्रक पुढे कित्येक वर्षं वाटलं गेलं. त्याच साली चर्चच्या प्रोव्होतल्या विद्यापीठात एक प्रबंध झाला, समलैंगिक तरुणांना विजेचे धक्के देऊन 'सुधारण्याच्या' प्रयोगांवर. जानेवारी १९८२मध्ये नवरा-बायकोंमधलं मुखमैथुनही अपवित्र ठरवणारं पत्र बिशपांना गेलं. मग जोडप्यांना मुलाखतीत नको ते प्रश्न, मग तक्रारी, आणि ऑक्टोबरमध्ये दुसरं पत्र: नवरा-बायकोच्या खासगी गोष्टींत शिरू नका. म्हणजे नऊ महिने बिशप लोकांच्या शयनगृहात होते आणि मग त्यांना बाहेर बोलावलं.

आता माझं म्हणणं ऐक. हे सगळं चूक आहे असं मी म्हणते ते बाहेरून, आजकालच्या विचारांच्या जोरावर म्हणत नाही. आपल्याच शास्त्राच्या जोरावर म्हणते. इतर बहुतेक ख्रिस्ती चर्चेस देवाला शरीर नाही असं मानतात. आपल्या चर्चचे संस्थापक जोसेफ स्मिथ यांनी नेमकं उलट शिकवलं: पित्याला मांसाचं आणि हाडांचं शरीर आहे, आत्मा आणि शरीर मिळून जीव होतो, पृथ्वीवर आपण आलो तेच मुळी शरीर मिळवायला. मी बाप्तिस्मा घेतला त्याचं हे एक मोठं कारण होतं. लहानपणापासून देह म्हणजे मोह, देह म्हणजे मळ, असं ऐकत आलेली मी. इथे कुणीतरी सांगत होतं की देह हे बक्षीस आहे. दुसरं कारण तुला माहीत आहे. स्वर्गात पिता आहे तशी माताही आहे, असं मानणारं दुसरं कोणतं चर्च मला भेटलं असतं? देवीच्या गावाहून आलेल्या बाईला बिनआईचा स्वर्ग रुचला नसता. ज्या धर्मात देवालाच शरीर आहे, त्यात चौदा वर्षांच्या पोराला स्वतःच्या शरीराची भीती घालायची ही विसंगती माझी नाही, किंबॉल आणि पॅकर यांची आहे. ती मी का निस्तरू?

"म्हणजे हवं ते घ्यायचं, नको ते सोडायचं," असं तू म्हणशील. आपल्याकडे कॅफेटेरिया मॉर्मन म्हणून हिणवतात ना, ताटात आवडेल तेवढंच वाढून घेणारे. तर एक सांगते. सप्टेंबर १९७६मध्ये याच किंबॉल यांनी विद्यापीठातल्या तरुणांना सल्ला दिला, की लग्न शक्यतो आपल्याच वंशातल्या माणसाशी करावं. ते वाक्य पुढे मुलग्यांच्या वर्गाच्या पुस्तकात कित्येक वर्षं छापलेलं होतं. तुझ्या बाबांनी तोच वर्ग केलाय. तो सल्ला पाळला असता तर तू नसतीस. आणि ग्रँडमा, जिनं किंबॉल यांच्या पुस्तकात निळ्या पेन्सिलीनं खुणा करून ठेवल्यात, तिलाही तो सल्ला ठाऊक होता. मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिनं त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. रविवारी जेवायला बसवलं आणि वॉर्डातल्या, म्हणजे स्थानिक मंडळीतल्या, बायकांना सांगून टाकलं, ही आमची सून होणार. तिला कॅफेटेरिया मॉर्मन म्हणायची कुणाची छाती झाली नसती! सगळेच निवडतात, सई. काही जण ते कबूल करतात, काही करत नाहीत.

चर्चही निवडतं. चर्चचे दुसरे अध्यक्ष ब्रिगॅम यंग यांनी १८६३मध्ये गोऱ्या आणि काळ्यांच्या संबंधांना जागच्या जागी मृत्यू ही देवाची शिक्षा सांगितली होती. काळ्या पुरुषांना याजकपद नाही, हा नियम त्यांच्या काळापासून चालत आला आणि त्याला देवाचाच नियम म्हटलं गेलं. तो जून १९७८मध्ये उठवला, आणि उठवणारे कोण, तर किंबॉल! घशाच्या कर्करोगानं आवाज घोगरा झालेला हा म्हातारा माणूस, मंदिरात वरच्या खोलीत एकटा जाऊन प्रार्थना करायचा. ज्यांनी ते भयंकर पुस्तक लिहिलं, त्यांनीच ते दारही उघडलं. म्हणून मला त्यांचा पूर्ण तिरस्कार करता येत नाही, आणि त्यांना पूर्ण मानताही येत नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये प्रेषित ब्रूस मॅकाँकी यांनी स्पष्ट सांगितलं, की या नव्या साक्षात्काराच्या विरोधात मी किंवा ब्रिगॅम यंग किंवा आणखी कुणी जे बोललो असू ते विसरून जा. त्याआधी अनेक वर्षं ते नेमकं विरुद्ध शिकवत होते, तरी हे वाक्य मला आवडतं. २०१३मध्ये अध्यक्षमंडळातले डीटर उक्टडॉर्फ यांनी जनरल कॉन्फरन्समध्ये, म्हणजे साऱ्या चर्चच्या सभेत, मान्य केलं, की नेत्यांच्या हातून चुका झाल्या आहेत. खुद्द जोसेफ स्मिथ म्हणाले होते, की संदेष्टा संदेष्टा म्हणून वागत असेल तेव्हाच तो संदेष्टा. हे म्हणायची मुभा त्यांनीच दिली आहे, मी फक्त वापरते.

आणि हे मला मुख्यतः कुणी शिकवलं, तर आपल्या पंडिता रमाबाईंनी. १८८३मध्ये इंग्लंडमध्ये वाँटिजला त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि लगेचच तिथल्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी पत्रांतून वाद सुरू झाले. चर्च म्हणतं म्हणून मी मानणार नाही, माझी सदसद्विवेकबुद्धी मी पुरोहितांकडून सोडवून घेतली ती बिशपांच्या हाती द्यायला नाही, असा त्या पत्रांचा सूर. ख्रिस्त मात्र त्यांनी सोडला नाही. पुढे केडगावला मुक्ती मिशन उभं केलं ते याच बाईनं. पुण्याच्या सनातन्यांशीही भांडली, इंग्लंडच्या चर्चशीही. आणि मला एका वॉर्डात हात वर करायला भीती वाटावी?

तुझा राग मला जिथे पूर्ण पटतो ते सांगते. आपलं चर्च जुनं शिकवणं मागे घेतं ते गुपचूप. किंबॉल यांचं पुस्तक छापायचं थांबलं, पण कुणी उभं राहून म्हणालं नाही की त्यातलं अमुक चूक होतं. पॅकर यांचं पत्रक असंच नाहीसं झालं. २०१०मध्ये पॅकर यांनीच समलैंगिकतेबद्दल भाषणात विचारलं, की स्वर्गीय पिता कुणाला असं का घडवेल? छापताना तो प्रश्नच वगळला. समलिंगी जोडप्यांच्या मुलांना १८ वर्षांपर्यंत बाप्तिस्मा नाही, हा नोव्हेंबर २०१५चा नियम एप्रिल २०१९मध्ये मागे घेतला, पण क्षमा मागितली नाही. क्षमा मागायची नाही आणि मागायला लावायचीही नाही, ही चर्चची रीत आहे, असं प्रेषित डॅलिन ओक्स यांनी २०१५मध्ये सांगितलं होतं, आणि आता तेच अध्यक्ष आहेत. दुसऱ्यांना पश्चात्तापाच्या पायऱ्या शिकवणाऱ्यांनी असं म्हणावं, हे मला झेपत नाही. तुझी चुलत बहीण आणि तिची बायको, त्यांचा मुलगा याच मधल्या काळात आठ वर्षांचा, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वयाचा, झाला. त्याला वर्गातल्या इतर मुलांसारखा पांढरा पोशाख घालून पाण्यात उतरायचं होतं. नियम गेला तोवर ते घर चर्चपासून लांब गेलं होतं, आणि कुणी बोलवायला गेलंही नाही. छापणं थांबलं म्हणून पुस्तक डोक्यातून जात नाही. ग्रँडमाच्या खुणा अजून तिथेच आहेत. वॉर्डात तिच्या वयाच्या निम्म्या बायका त्या खुणांनुसारच मुलांना-नातवंडांना शिकवतात. वरून कुणी बोलणार नसेल, तर खाली बसलेल्यांपैकी कुणीतरी बोललं पाहिजे. मी अजून जाते ते यासाठीही.

तू लगेच विचारशील: हे झालं जुन्याचं, आजचं काय? आजचंही सांगते. समलिंगी आकर्षण हे पाप नाही, असं चर्च आता म्हणतं, पण लग्नाला नाहीच. लग्न स्त्री-पुरुषांचंच, असं सांगणारी कुटुंबाविषयीची १९९५ची घोषणा आपल्या दिवाणखान्यातही होती. मी ती उतरवली तेव्हा बाबा दोन दिवस गप्प होते, मग त्या जागी त्यांनी स्वतःच तुझा फोटो लावला. रेकमेंडच्या, म्हणजे मंदिरात जायच्या परवान्याच्या, मुलाखतीत प्रश्न असतो, चर्चच्या शिकवणुकीच्या विरोधातल्या गोष्टींना पाठिंबा देता का? गेल्या वेळी मी 'नाही' म्हटलं नाही. माझ्या पुतणीचं लग्न मला देवापुढे वैध वाटतं, आणि कुणी विचारलं तर मी तसंच सांगते, असं म्हणाले. बिशप बराच वेळ काही बोलले नाहीत, मग त्यांनी सही केली. दुसऱ्या एखाद्या वॉर्डात झाली नसती, हेही मला कळतं. एक दिवस सही न करणारा बिशप येईल. तेव्हा मंदिरात जाता येणार नाही, आणि मला त्याचं फार वाईट वाटेल. पण उत्तर तेच राहील.

तू जाणं थांबवलंस तर मी भांडणार नाही, बाबांनाही भांडू देणार नाही. फक्त 'आई, तू आंधळी आहेस' असं म्हणू नकोस, कारण वरचं सगळं मी वाचून बसले आहे.

थँक्सगिव्हिंगला तुझी चुलत बहीण, तिची बायको आणि मुलगा येणार आहेत. बाबांनी स्वतः फोन करून बोलावलं. जेवणाआधीची प्रार्थना बाबा म्हणतील, त्या तिघांना चालणार आहे, मी विचारलं. तू कोणत्या दिवशी निघतेस ते कळव, म्हणजे कोण कुठल्या खोलीत ते ठरवता येईल.

तुझी,
आई