टीव्हीचा गुन्हा सिद्ध होत नाही, बाबा

डोंबिवली

तीर्थरूप बाबा आणि आई,

साष्टांग नमस्कार.

दिवाळीत अर्धवट राहिलेलं भांडण पुढं चालवायला हे पत्र लिहितेय. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, बाबा, आणि ऐकू आलं की तुम्ही फोन आईच्या हातात देऊन अंगणात जाता. कागदाला तसं करता येणार नाही.

तर तुमचं म्हणणं असं की टीव्ही आला आणि टॉकीजचं वाटोळं झालं. काकांनीही मान डोलावली, विषय संपला. मला हे पटत नाही. तुम्हीच सांगितलेल्या गोष्टींवरून पटत नाही.

मुंबईत दूरदर्शन सुरू झालं 2 ऑक्टोबर 1972 ला. आपल्या चाळीत पहिला टीव्ही कुणाकडे आला, रविवारी संध्याकाळी सिनेमाला त्यांच्या दारात चपलांचा ढीग कसा लागायचा, आणि मूल रडलं की सगळे कसे त्याच्या आईकडे रागानं बघायचे, हे तुम्हीच रंगवून सांगता. म्हणजे दर आठवड्याला एक सिनेमा फुकट. तरीसुद्धा 1975 च्या ऑगस्टमध्ये ‘शोले’ लागला आणि मिनर्व्हाला पाच वर्षं चालला. तुम्ही तो किती वेळा पाहिलात ते तुम्हालाच आठवत नाही. एकदा तर रातपाळी बुडवून गेला होतात, हे आईनं मला परवा सांगितलं. (आई, आता नाकारू नकोस.) टीव्हीनंच टॉकीज मारायचं होतं तर मग त्या दहा वर्षांत का नाही मेलं?

उलट तुमच्या तोंडून ऐकलेलं लालबाग-परळ आठवा. भारतमाता, गणेश, जयहिंद, तिकडं डिलाईल रोडला दीपक, पाय मोकळे करत पुढं गेलं की हिंदमाता, शारदा, चित्रा. एका गिरणगावात इतकी टॉकीज कशी पोसली गेली? तर पहिली पाळी सुटली की माणूस घरी येऊन अंघोळ करून सहाच्या खेळाला तयार. दुसऱ्या पाळीवाल्याला दुपारी बाराचा. रातपाळीवाला सकाळी झोपून तीनच्या खेळाला. भोंग्यावर गिरणी चालायची तशीच टॉकीजही चालायची. शिवाय खानावळीत जेवणारे, गाळ्यात दहा-पंधरा जण मिळून राहणारे, बायकामुलं गावी ठेवलेले गडी. त्यांना संध्याकाळी बसायला जागाच नव्हती. दीड रुपयात तीन तास पंख्याखाली खुर्ची मिळायची. सिनेमा बरा निघाला तर तो वरकड.

आणि 1971 मध्ये दादरच्या कोहिनूरला दादा कोंडक्यांच्या ‘सोंगाड्या’ऐवजी देव आनंदचा सिनेमा लावायचं ठरलं, तेव्हा शिवसेना मधे पडली, तो किस्सा. त्या गर्दीत तुम्ही होतात की नंतर ऐकलंत, हे दर वेळी बदलतं, ते असो. पण थिएटर मिळावं म्हणून लोक रस्त्यावर उतरले, एवढी त्या खुर्च्यांना किंमत होती. नंतर तिथं नक्षत्र मॉल उभा राहिला.

आता 1982. तुम्ही ‘टीव्ही आला’ म्हणता तेव्हा तुमच्या डोक्यात हेच वर्ष असतं, कारण रंगीत टीव्ही त्या वर्षी आला. ऑगस्टमध्ये रंगीत प्रक्षेपण, नोव्हेंबरात एशियाड. पण बाबा, त्याच वर्षी 18 जानेवारीला काय सुरू झालं ते तुमच्या बोलण्यात कधीच येत नाही. गिरणी कामगारांचा संप. अडीच लाख माणसांचा पगार बंद झाला. आईनं पाटल्या मोडल्या त्या रंगीत टीव्हीसाठी मोडल्या नव्हत्या. आपल्या माळ्यावर पुढची पाच-सहा वर्षं कुणाकडेच रंगीत टीव्ही नव्हता, आणि तरीही सहाचा खेळ रिकामा जायला लागला होता. डोअरकीपर ओळखीचा होता, तो तुम्हाला नुसतं आत बसा म्हणायचा आणि तुम्ही जायचा नाहीत, हेही मला आईकडूनच कळलं.

मला वाटतं टीव्हीचं नाव घेणं तुम्हाला सोपं जातं. टीव्हीवर राग काढता येतो. संपाबद्दल बोलायचं तर संपाचे पुढारी डॉक्टरसाहेब, दत्ता सामंत, यांच्याबद्दल बोलावं लागेल, युनियनबद्दल, कोण आधी कामावर गेलं त्याबद्दल. ते तुम्हाला नको असतं. मी खोदून विचारत नाहीये. पण टॉकीजच्या हिशेबात तो आकडा मांडल्याशिवाय बेरीज लागत नाही, एवढंच सांगते.

व्हिडिओनं नुकसान केलं, हे कबूल. केबलनं तर जास्तच. तरी 1991 ला ‘माहेरची साडी’ आला तेव्हा चाळीतल्या बायका झुंडीनं गेल्या होत्या. मी आईच्या मांडीला चिकटून होते, पडद्यावर अलका कुबल रडायची आणि आमच्या रांगेत नाकं ओढल्याचा आवाज. आई, तिकिटं तूच काढली होतीस, बायकांच्या खिडकीवरून. पुरुषांची रांग पार रस्त्यावर, आणि तू पाच मिनिटांत परत. शेजारच्या काकांनी त्यांची तिकिटं तुझ्याकडून काढून घेतली आणि ब्लॅकवाला तुझ्याकडे डोळे वटारून बघत होता. त्या दिवशी तुझा रुबाब बघण्यासारखा होता.

पुढचं सगळं मला माझ्या कामामुळं कळतं. दिवसभर दुसऱ्यांचे जमाखर्च बघायची सवय लागली की जुन्या टॉकीजचाही ताळेबंद डोळ्यांसमोर येतो. हजार खुर्च्या, पडदा एक. सिनेमा चालला तर सोनं, पडला तर शुक्रवार ते गुरुवार हजारांतल्या नव्वद भरणार. डोअरकीपर, मशीनवाला, झाडूवाला, वीज, लायसन, सगळ्यांचे पैसे तेवढेच द्यायचे. मल्टिप्लेक्समध्ये पडदे पाच-सहा आणि खुर्च्या थोड्या थोड्या. सिनेमा पडला की सोमवारी त्याला लहान हॉलात ढकलतात आणि मोठा हॉल दुसऱ्याला देतात. तोटा वाटला जातो. पूर्वी मोजक्या थिएटरांत सिनेमा लागायचा आणि पंचवीस आठवडे चालून रौप्यमहोत्सव करायचा. आता एकाच दिवशी देशभर हजारो पडद्यांवर येतो आणि पहिल्या तीन दिवसांत जे मिळेल ते. अशा धंद्यात हजार खुर्च्यांचा एक हॉल म्हणजे आठवडाभर रिकाम्या खुर्च्यांना वारा घालणं.

त्यात कर. जीएसटी यायच्या आधी मुंबईत करमणूक कर 45 टक्के होता. आणि 2001 मध्ये सरकारनं धोरण काढलं, नव्या मल्टिप्लेक्सला पहिली काही वर्षं करमाफी! म्हणजे भारतमातासारख्या पडद्यानं स्वस्त तिकिटावर कर भरायचा आणि महाग तिकीटवाल्यानं तो वाचवायचा. सरकारचं म्हणणं, त्यांनी मोठी गुंतवणूक केली. जुन्यांनी काय फुकट बांधली होती? मला हा सरळ पक्षपात वाटतो, आणि याचा राग तुम्हाला टीव्हीपेक्षा जास्त यायला हवा.

जमिनीचं तर काय सांगू. 1991 च्या नियमांनी गिरण्यांची जमीन विकायची वाट मोकळी झाली आणि फिनिक्स मिलच्या आवारात मॉल आला, त्यात मल्टिप्लेक्स आलं. जिथं कापड निघायचं तिथं आता सिनेमा लागतो, पण कापड काढणाऱ्यांपैकी कुणी तो तिथं बघत नाही. ती माणसं तोवर विरारला, बदलापूरला, किंवा तुमच्यासारखी साताऱ्याकडं. भारतमाताची जागाही मूळ गिरणीचीच, नंतर वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेलेली, म्हणून तिथंही वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्या. दादरचं चित्रा 2019 मध्ये बंद झालं. पेपरात फोटो आला तेव्हा मी तो तुम्हाला पाठवला होता आणि तुम्ही उत्तरात फक्त हात जोडले होते.

सगळंच गेलं असं नाही. मराठा मंदिरला ‘दिलवाले दुल्हनिया’ ऑक्टोबर 1995 पासून चालूच आहे. गावाला जायची एसटी रात्री असली की सामान घेऊन लोक तिथं दुपार काढतात. गिरगावचं ऑपेरा हाऊस 1993 ला बंद पडलं होतं, ते 2016 ला पुन्हा उघडलं. चर्चगेटचं इरॉस 2024 मध्ये भल्यामोठ्या पडद्यासह परत आलं. पण ही दक्षिण मुंबईतली देखणी घरं. त्यांना वाचवायला लोक धावले. गणेश टॉकीजसाठी कोण धावणार होतं?

आई, तुझ्या पुसेगावच्या यात्रेतल्या तंबूचंही असंच झालं. बाया एका बाजूला, बाप्ये एका बाजूला, खाली पोतं अंथरून बसायचं, मधेच रीळ तुटलं की शिट्ट्या, तू किती हसत सांगतेस. त्या तंबूवाल्यांना टीव्हीनं बराच काळ हलवलं नव्हतं. पुढं सिनेमे रिळांवर निघायचेच बंद झाले आणि ट्रकमधली ती जुनी मशीन नुसतं लोखंड होऊन बसली. नव्या डिजिटल मशीनला जो पैसा लागतो तो यात्रेच्या तिकिटातून निघत नाही.

बाबा, आता माझा शेवटचा पुरावा, आणि याला तुमच्याकडे उत्तर नसणार. 23 सप्टेंबर 2022 ला मल्टिप्लेक्सवाल्यांनी देशभर एका दिवसासाठी तिकीट 75 रुपये ठेवलं. त्या एका दिवसात 65 लाख लोक आले. शुक्रवार होता, साधा कामाचा दिवस. घरोघरी टीव्ही होता, खिशात मोबाइल होता, मोबाइलमध्ये सगळे सिनेमे होते. तरी आले. मी आणि तुमचा नातूही गेलो होतो, डोंबिवलीहून ठाण्याला, आणि पुढच्या रांगेत मान मोडून बसलो. लोकांना टॉकीज नको झालं असतं तर हे कोण होते? सरकारनं आता शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावरचा जीएसटी 5 टक्क्यांवर आणलाय. चांगलं केलं. फक्त शंभराच्या आतलं तिकीट मुंबईत कुठं मिळतं तेही सांगायला हवं होतं.

असो. तुम्ही दोघं पौर्णिमेनंतर इकडं येणार आहात, तेव्हा एका मंगळवारी सकाळच्या खेळाला जाऊ. सकाळी तिकीट जरा कमी असतं. मराठीच बघू. आई, चकल्या पिशवीत लपवून आणू नकोस, दारात काढून ठेवतात, आणि सुप्रीम कोर्टानं 2023 मध्ये त्यांना तसा हक्क दिलाय. पिण्याचं पाणी मात्र त्यांनी फुकट द्यायला हवं, तेवढं आपण हक्कानं मागू. बाबा, आवाज फार मोठा असतो तिथं, तेव्हा कानाचं यंत्र काढून खिशात ठेवलंत तरी सगळं ऐकू येईल.

बीपीच्या गोळ्या संपत आल्या असतील तर दुकानदाराला चिठ्ठीचा फोटो मीच पाठवते, तुम्ही उन्हातून जाऊ नका. आणि उत्तर लिहाच, आईकडून निरोप नको. चुकीचं वाटलं तर खोडून काढा, पण संपाला वगळून नाही.

तुमची,
ताई