चीत झाल्यावरची कुस्ती

प्रिय गड्या,

कापसाचा दुसरा वेचा उरकला. तूर अजून शेंगेतच आहे, म्हणून रात्री जरा सवड मिळते. परवा पोरगा मोबाइल घेऊन आला न् म्हणे, "बाबा, हे पाहा, हा माणूस मुद्दाम पाठीवर पडून लढते." मी म्हटलं, "काहून बे, चीत झाल्यावर कायची लढाई?" आणि मग लेका, तीन रात्री मी तेच पाहत बसलो.

त्याचं नाव मार्सेलो गार्सिया. ब्राझीलच्या मिनास जेराइस राज्यातला, जन्म १९८३ चा. खेळ ज्युजित्सू. त्यात पाठ टेकली म्हणून कुस्ती सुटत नाही. गळा आवळून किंवा सांधा पिळून समोरच्याला हात थोपटायला, म्हणजे हार मानायला लावायचं, नाहीतर गुण मोजायचे. हा गडी खाली पडतो आणि वरच्याच्या एका पायाखाली आपल्या दोन्ही पायांची कैची घालतो. वरचा जितका अंगावर येतो, तितके त्याचे पाय फाकतात, आणि मग तो भरलेल्या पोत्यासारखा कलंडतो. कलंडला की हा वर, नाहीतर सरळ पाठीवर स्वार.

२००३ मध्ये साओ पाउलोला एडीसीसी नावाची अशा पकडीच्या कुस्तीची मोठी जागतिक स्पर्धा झाली, तेव्हा हा वीस वर्षांचा होता. ऐनवेळी एकाच्या जागी आत घेतलेला. त्यानं रेन्झो ग्रेसी या नावाजलेल्या पैलवानाला हरवलं. मग शाओलिन रिबेरोचा हात ओढून असा मागे गेला, की काही सेकंदांत तो पैलवान झोपला. खरोखर बेशुद्ध! ७७ किलोखालच्या गटात तो चारदा जिंकला. वजनाचं बंधन नसलेल्या गटातही उतरायचा. २००५ ला त्यात त्यानं रिको रॉड्रिग्जला हरवलं, आणि रिको म्हणजे यूएफसी या ठोसे-लाथांच्याही लढतींचा हेवीवेट चॅम्पियन राहिलेला धिप्पाड माणूस. नेहमी जिंकलाच असंही नाही. २००७ च्या फायनलला त्यानं ज्याला हरवलं, त्या पाब्लो पोपोविचनंच २००९ ला त्याला फायनलमध्ये पाडलं. २०११ ला मार्सेलो परत पहिला आला.

पण मला खरी गंमत वेगळीच वाटली. आपले वस्ताद एक डाव कायम स्वतःजवळ राखून ठेवायचे, आठवतं? आपण त्यांची बैलं धुतली, आखाड्याच्या मातीत ताक-हळद कालवली, तरी तो डाव काही दिसला नाही. आणि हा बाप्पा न्यूयॉर्कच्या आपल्या तालमीतला रोजचा सराव कॅमेऱ्यात टिपून इंटरनेटवर टाकायचा. ज्यांच्याशी उद्या लढायचं, त्यांनीही पैसे भरून खुशाल पाहावा! मला आधी हा येडेपणा वाटला. आता वाटते, डाव माहीत असूनही सुटता येत नसेल, तर तो लपवायचा कायले?

२०२३ मध्ये त्याला पोटाचा कॅन्सर निघाला. केमो, ऑपरेशन, सगळं झालं. मग २०२५ च्या जानेवारीत, बेचाळिसाव्या वर्षी, तो बँकॉकला जपानच्या इमानारीपुढे उभा राहिला. २०११ नंतरची ही पहिलीच लढत. छातीवर उलटा पालथा पडून, मान बगलेत धरून त्यानं गळा आवळला. इमानारीनं हात थोपटला. मी उठून आंगणात गेलो न् उगाच दोन चकरा मारल्या.

आता तुझं. जत्रेतल्या त्या दंगलीत तुझी पाठ लागली, पंचानं शिट्टी मारली आणि तू लंगोट निंबावर फेकून पुण्याची गाडी धरलीस. बावीस वर्षं झाली. मी कडेलाच होतो. तुझ्या अंगावरच्या गड्याचा डावा पाय तुझ्या दोन्ही पायांत अडकला होता, हे मी डोळ्यांनी पाहिलं. आपल्या कुस्तीत ते धरत नाहीत, मान्य आहे. पंचावर राग नाही माझा. (थोडा आहे.) तुले तेव्हा सांगायचं होतं, पण तू गाडीत बसून मोकळा झालास.

संक्रांतीला ये. बायको तिळाच्या पोळ्या करणार आहे. आखाड्यात सध्या बकऱ्या बसतात, मी माती खणून ठेवतो. गुडघे दोघांचेही गेलेत, तर उभ्यानं नको. मी आधीच पाठीवर पडतो, तू वरून ये.

तुझा,
जुना जोडीदार