दोष शोधला वायरमननं, पण कोडिंग कंपनीच्या कुलपात

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी जुन्नर तालुक्यातला टोमॅटो करणारा शेतकरी. घरची एक पिकअप आहे, आपला माल आणि वाडीतल्या चार जणांचे क्रेट घेऊन रात्री वाशी मार्केटला जातो. या जुलैत आमच्यावर जो प्रसंग आला तो लिहितोय, कारण लाइट, वायपर सगळं एकाच इलेक्ट्रॉनिक डबीवर चालतं अशा गाड्या आता गावोगाव झाल्यात आणि रात्री घाट उतरणाऱ्या प्रत्येकाच्या जिवाशी याचा संबंध आहे.

माळशेज उतरत होतो, साडेअकरा वाजले असतील, पाऊस लागलेला आणि धुकं असं की रस्त्याचा पांढरा पट्टा तेवढा दिसत होता. डावा इंडिकेटर आपोआप लागला. दांडी बघितली तर ती मधोमध. मी काही करायच्या आत वायपर काचेच्या मध्येच उभे राहिले आणि दोन्ही हेडलाइट गेल्या. इंजिन चालू, ब्रेक लागतोय, पण समोर नुसता अंधार, एकीकडं दरी आणि डोंगराच्या कडेला थांबावं तर तिथं पावसात दगड सुटतात. चुलतभाऊ खिडकीतून अर्धा बाहेर निघून मोबाईलची बॅटरी धरून बसला आणि मी पहिल्या गिअरवर मुंगीसारखी गाडी पुढं काढत राहिलो. मागून आलेल्या एका ट्रकवाल्याच्या लक्षात आलं, त्यानं ओव्हरटेक केलं आणि वेग कमी ठेवून आमच्या पुढं चालत राहिला, त्याच्या मागच्या लाल लाइटच्या आधारानं आम्ही खाली उतरलो. त्याचं नाव गाव काही विचारता आलं नाही, त्याचे उपकार मात्र कायम लक्षात राहतील.

दुसऱ्या दिवशी सर्व्हिस सेंटरला गाडी लावली. स्कॅनर जोडला आणि पाच मिनिटांत सांगितलं, बीसीएम गेलाय, बदलावा लागेल. बीसीएम म्हणजे बॉडी कंट्रोल मॉड्यूल. पूर्वीच्या गाडीत बटण दाबलं की करंट रिलेला, रिलेतून बल्बला, वायर हातात धरून माणूस टोकापर्यंत जाऊ शकायचा. आता बटण नुसता निरोप देतं, तो या डबीला पोचतो आणि लाइट, वायपर, इंडिकेटर, हॉर्न, दरवाज्याचं लॉक, कुणाला कधी करंट द्यायचा ते डबी ठरवते. आमच्या गाडीत किल्ली खरी का खोटी हेसुद्धा तीच ओळखते. म्हणजे ही एक डबी बिघडली की चार ठिकाणी एकदम बिघाड दिसतो, आणि उलटंही होतं, डबी चांगली असते पण तिला मिळणारा करंट नाहीतर अर्थिंग खराब असतं, तरी लक्षणं तीच दिसतात. नेमकं हेच तपासायचं राहिलं.

पार्ट यायला सहा दिवस गेले. टोमॅटो काही सहा दिवस थांबत नाही, तोडा चालूच, म्हणून भाड्याची गाडी केली. वीस हजारांच्या वर बिल झालं, गाडी घरी आणली, आणि नवव्या दिवशी जोराचा पाऊस झाला तसा परत डावा इंडिकेटर आपोआप लागला.

मग आळेफाट्याला ज्या वायरमनकडं मी आधीच जायला पाहिजे होतं त्याच्याकडं गेलो. त्यानं पहिला तासभर काहीच खोललं नाही. इंजिन चालू करून बॅटरीवर मीटर लावला, चौदा व्होल्टच्या वर थोडा, म्हणजे बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर चांगला. फ्यूज एकेक काढून बघितले. मग ड्रायव्हरच्या पायाजवळचं पॅनेल काढलं, मला म्हणला, दादा, काचेवर पाइपनं पाणी सोडा, आणि स्वतः टॉर्च घेऊन डॅशबोर्डखाली आडवा झाला. दहा मिनिटांनी म्हणला, या, बघा. काचेच्या कोपऱ्यातल्या रबरातून पाणी आत येत होतं आणि वायरिंगचा जुडगा धरून थेंब थेंब डबीच्या कनेक्टरवर येत होतं. कनेक्टर काढला तर तीन पिनांवर हिरवा गंज, आणि बॉडीला अर्थिंग जिथं नटानं आवळलंय तिथं लाल गंज. पाणी वायर धरून चालतं, म्हणून वायर कनेक्टरच्या खाली लोंबती सोडून मग वर वळवायची म्हणजे थेंब खालच्या वळशावरून गळून जातो, एवढं त्यानं मला बोटानं दाखवलं. त्यानं काचेचं रबर सील केलं, अर्थिंगची जागा पॉलिश पेपरनं घासली, तीन पिना बदलल्या, जुडगा फिरवून बांधला. पण नवा म्हणून बसवलेला बीसीएम तोवर आतून भिजून गंजला होता.

आता खरं दुखणं इथून पुढं आहे. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून डबी बदलायचं काम वायरमनला अर्ध्या तासाचं. पण नवी डबी कोरी असते. तिला चासी नंबर, गाडीत काय काय बसवलेलं आहे, किल्ल्या कोणत्या, हे सगळं लॅपटॉपवरून शिकवावं लागतं, त्यालाच कोडिंग म्हणतात, आणि त्याचं लॉगिन फक्त कंपनीच्या सेंटरला. भंगारातली जुनी डबी घेतली तर तिच्यात दुसऱ्या गाडीचा चासी नंबर आणि दुसऱ्याच्या किल्ल्या, आपली गाडी चालूच होत नाही. म्हणून ज्या माणसानं दोष शोधला, मुळापासून दुरुस्त केला, त्याच्या दारातून गाडी टोइंगवर चढवून ऐंशी किलोमीटर नेली आणि तिथं वीस मिनिटांत कोडिंग झालं. टोइंगचे पैसे वेगळे, दिवस वेगळा.

हा प्रश्न सरकारला नवा नाही. २५ ऑगस्ट २०१४ ला भारतीय स्पर्धा आयोगानं १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटींचा दंड केला होता, कारण त्या स्पेअर पार्ट आणि तपासणीची साधनं बाहेरच्या मेकॅनिकला मिळू देत नव्हत्या. प्रकरण पुढं अपिलात गेलं. २४ डिसेंबर २०२२ ला केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं राइट टू रिपेअर पोर्टल सुरू केलं, त्यात मोबाईल, घरातली उपकरणं, शेतीची अवजारं यांच्यासोबत वाहनंही आहेत. चांगली गोष्ट आहे, पण कोडिंगचं लॉगिन आमच्या आळेफाट्यापर्यंत अजून आलेलं नाही.

कंपन्या म्हणतात कोडिंग खुलं केलं तर गाड्या चोरीला जातील. ही भीती खोटी नाही, मलाही माझी गाडी चोरीला जायला नकोय. पण अमेरिकेत किल्ली आणि चोरी रोखण्याच्या यंत्रणेचं काम करणाऱ्या स्वतंत्र कारागिरांची पार्श्वभूमी तपासून नोंदणी करतात आणि मगच त्यांना कोड मिळतात. आपल्याकडं आधार आहे, जीएसटी नंबर आहे, दुकानाचा परवाना आहे, नोंदणी करणं अवघड नाही.

गाडीवाल्या भावांनाही विनंती, बीसीएम गेला असं कुणी सांगितलं तर आधी करंट, अर्थिंग आणि कनेक्टर तपासला का ते विचारा, स्कॅनची प्रिंट मागा, जुना पार्ट परत मागा. धुताना डॅशबोर्डखाली प्रेशरचं पाणी मारू देऊ नका, आणि जादा लाइट नाहीतर म्युझिक सिस्टिमची वायर दिसेल त्या वायरला जोडू नका. कोडिंग चालू असताना बॅटरी उतरली तर नवी डबीसुद्धा जागेवर बाद होऊ शकते, म्हणून चार्जर लावून घ्या म्हणा.

आमच्या वायरमनचा मुलगा आयटीआय झालाय, हप्त्यानं स्कॅनर घेतलाय, लॉगिनची फी असेल ती भरायची त्याची तयारी आहे. ते कुठं मिळतं, किती रुपयांत मिळतं आणि त्यासाठी कोणती कागदपत्रं लागतात, एवढं ग्राहक व्यवहार विभागानं आणि परिवहन मंत्रालयानं प्रत्येक कंपनीकडून मराठीत जाहीर करून घ्यावं, आणि ते पुढच्या पावसाळ्याच्या आधी व्हावं.

आपला,
एक टोमॅटो उत्पादक शेतकरी, ता. जुन्नर